गुपितांवर तापलेलं पाणी

लातूरला स्टँडवर रिक्षात बसायचं आणि "गुप्त ऑफिस" एवढंच म्हणायचं. पुढं खाणाखुणा सांगाव्या लागत नाहीत. त्या घराला पाटी नाही, झेंडा नाही, फाटक कायम लोटलेलं. तरी आसपासचे सगळे पत्ते त्याच्यावरूनच सांगतात. गुप्त ऑफिसच्या म्होरं पिठाची गिरणी, गुप्त ऑफिसच्या मागं दाताचा दवाखाना. पहिल्या दिवशी मी कामावर निघाले तर रिक्षावाला मान वळवून हळूच म्हणाला, "मावशी, कुणापाशी बोलू नका हां, तितं दिल्लीचं खातं हाय." रिक्षात आणखी चौघं होते. चौघांनीही माना हलवल्या.

मी तिथं स्वैपाकाला होते.

माझं गाव हिमायतनगरच्या पल्याड, तेलंगणाच्या अंगाला. लेकीला डॉक्टर व्हायचं होतं, आणि डॉक्टर व्हायचं म्हटलं की आमच्याकडच्या पोरी लातूरला क्लास लावतात, आया खोली घेऊन मागोमाग येतात. मालक गावाकडं म्हशी आणि शेत बघायचे, मी इथं. त्याआधी मी नांदेडच्या पुढं कधी गेले नव्हते. रस्ता ओलांडायची भीती, सिलिंडरची भीती, लेक क्लासातून दहा मिनिटं उशिरा आली की भीती. भीती हा माझा जोडधंदाच होता म्हणा.

काम मिळालं ते पाण्याच्या टँकरपाशी. रांगेत माझ्या पुढं उभी असलेली बाई त्या ऑफिसातल्या मोठ्या बाबूंची बायको निघाली. मोठे बाबू म्हणजे तिथले जुने कारकून, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी साहेबांना सांगितलं, साहेबांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली, आणि मी लागले. साहेबांचं घरदार उदगीरला. ते स्वतः ऑफिसच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे.

साहेबांचे उपकार मी आजही मानते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात ते टॉवेल गुंडाळून उभे आहेत. लेकीच्या क्लासची फी ऐकून मी एकदा चुलीपाशी रडले होते. साहेबांनी बघितलं. त्यांनी क्लासच्या मालकाला फोन लावला आणि फक्त दोन शब्द बोलले : "मी बोलतोय." मागणी नाही, विनंती नाही. पाव तासात क्लासातून निरोप आला की फी अर्धी केलीय, आणि लेकीला पुढच्या बाकावर बसवलंय. मी साहेबांच्या पाया पडले. तो मालक पलीकडं कसा घाबरला असेल हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. मी त्याला बसू दिलं नाही.

माझ्याकडं स्वैपाकाशिवाय आणखी एक काम होतं. परसात तांब्याचा बंब होता. खात्याचे कागद फाडून फेकायचे नाहीत, जाळायचे, असा नियम. साहेब नियमाला लई पक्के. त्यांनी मला विचारलं, "शिक्षण किती?"

"सातवी. आठवी नाल्याच्या पल्याड व्हती, बापानं न्हाई धाडलं."

"इंग्रजी येतं?"

"न्हाई, साहेब."

"छान," साहेब म्हणाले.

मला काही येत नाही याबद्दल 'छान' म्हणणारा हा पहिलाच माणूस. तेव्हापासून रोज सकाळी कागदांचं अर्धं पोतं माझ्याकडं यायचं. मी ते बंबात घालायचे, आणि देशाच्या गुपितांवर साहेबांच्या आंघोळीचं पाणी तापायचं. पावसाळ्यात गुपितं सादळलेली असली की साहेब कोमट पाण्यानं आंघोळ करायचे.

आता त्या गुपितांबद्दल. आमच्याकडं सोयरीक जमवायची तर चौकशी करायची रीत आहे. न्हाव्याला विचारायचं, कासारणीला विचारायचं, मुलाच्या गावी जाऊन हॉटेलात चहा पीत बसायचं. साहेबांना त्याची गरज नव्हती. त्यांना कुणाच्याही फोनची यादी मागवता यायची : कुणी, कुणाला, किती वाजता, किती वेळ, कुठल्या टॉवरखाली. आधी त्यांनी साडूच्या मुलीसाठी एका मुलाची यादी मागवली. मग साडूनं भावाला सांगितलं. मग लग्नसराई आली की फाटकाबाहेर पाहुणे उभे, एका हातात पेढ्याचा पुडा, दुसऱ्या हातात नंबर लिहिलेली चिठ्ठी.

"बाबू, हे बी देशाचंच काम का?" मी एकदा पोहे देताना विचारलं.

"मंग!" मोठे बाबू म्हणाले. "यादी मागवायची तर फारमावर कारण लिहावं लागतंय, मावशी. 'साडूच्या पोरीसाठी स्थळ' असं लिहिता येत न्हाई. म्हणून 'देशाच्या सुरक्षेस धोका' लिवतो. यंदा आपल्या जिल्ह्यात धोकाच धोका. निम्मे इंजिनेर हायेत, दोघं तलाठी."

"आन् वरचे काही म्हणत न्हाईत?"

"वरच्यांच्या बी भाच्या हायेत की."

हसण्यावारी नेलं तरी त्या याद्यांनी लग्नं मोडायची. निलंग्याकडच्या एका मुलीचं जमलेलं मोडलं, कारण नवरा मुलगा एका नंबरावर रोज बोलत होता. पुढं कळलं की तो नंबर गॅस एजन्सीचा. बिचारा सिलिंडरसाठी तक्रार करत होता. ती मुलगी मग घरीच बसली. हे मला हसत हसत लिहवत नाही.

मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते त्या घरमालकिणीला सगळे अक्का म्हणायचे. कपाळाला विभूती, मालकाचं सरकी-पेंडीचं दुकान, आणि तोंडात निम्मं कानडी. त्यांची मुलगी औशाकडं एका शाळेत शिकवायची. तिला मी बाई म्हणते, कारण ती माझी बाईच आहे. लेकीचा एक फॉर्म वाचून घ्यायला मी तिच्याकडं गेले तेव्हा तिनं माझं शिक्षण विचारलं आणि म्हणाली, "मावशी, सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून दहावी द्या."

"येडी का काय तू! चाळिशीला आले म्या."

"चाळीस ही संख्या सम की विषम?"

"...सम."

"झालं की. सुरुवात झाली."

एकच अट मी घातली : लेकीला कळू द्यायचं नाही. लेक एवढी जाड पुस्तकं वाचणारी, आणि आई 'क्ष'ची किंमत काढायली. ती हसली असती तर चाललं असतं, पण तिनं शिकवायला घेतलं असतं तर मी मेले असते. त्यामुळं घरात शिकवणी नको. बाई सकाळी सातला शाळेला जायची. शाळेत दुपारी दीड वाजता तिचा रिकामा तास, आणि त्याच वेळी इकडं ऑफिसातली जेवणं उरकलेली. मग रोज दीडला बाईचा फोन. फोन पदरात, तार कानात, हात भांड्यांत. तिकडून बाई भूमिती सांगायची, इकडून मी तवा घासत प्रमेय म्हणायचे. इंग्रजी आम्ही साबणाच्या पुड्यांवरून सुरू केलं. बाईनं मला तिचं नाव इंग्रजीत लिहायला शिकवलं. माझ्या हातून आलेलं ते पहिलं इंग्रजी नाव.

त्या हिवाळ्यात बाईला स्थळ आलं. मुलगा उदगीरचा, डाळमिल बघणारा. बघायला आला तेव्हा त्यानं स्वैपाकाचं काही विचारलं नाही, "वर्गातली पोरं लई छळतेत का?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी फोनवर वर्तुळाचा परीघ शिकवताना बाई मधेच थांबली.

"मावशी, मला तो आवडला."

"मग पाय आर वर्ग का दोन पाय आर?"

"दोन पाय आर. ऐकलंत का मी काय म्हणाले?"

"ऐकलं, बाई. ते बी लिहून घेतलं."

साखरपुड्याची तारीख धरली. अक्कानं चिवडा करायला घेतला. आणि एका सकाळी बंबापुढं बसून मी पोत्यातला एक कागद आत घालणार तोच त्याच्यावर माझा नंबर दिसला. मला पाठ असलेला एकच नंबर. एकदा नाही, वरपासून खालपर्यंत, रांगेनं, सगळा दुपारी दीडचा. मला वाटलं बिल थकलं. मग वर बघितलं तर बाईचं नाव. ते मी ओळखलं, कारण तेच तर तिनं शिकवलं होतं. माझ्या नंबरापुढं कुण्या पुरुषाचं नाव, वय सव्वीस, आणि आदिलाबाद. खाली लाल शाईत एक शब्द. तो काही लागेना. मी अक्षरं पाठ केली आणि दुपारी विचारलं :

"बाई, एस यू एस पी ई सी टी म्हंजे काय हो?"

"संशयित. कुठं वाचलंत?"

"...साबणाच्या पुड्यावर."

आदिलाबादचा तो सव्वीस वर्षांचा बाप्या कोण, हे आठवायला मला सारी दुपार लागली. सिम मी हिमायतनगरला घेतलं होतं. दुकानदारानं कागद मागितले, मी आणले नव्हते. "असू द्या," तो म्हणाला, "माझ्यापाशी एक झेरॉक्स पडून हाय." कुणी आदिलाबादकडचा पोरगा रिचार्जला आला होता आणि विसरून गेला होता, त्याची. आमच्याकडं अर्ध्या गावाचे फोन असेच दुसऱ्याच्या नावावर वाजतात. तेवढं सगळ्या गावाला ठाऊक; दिल्लीच्या खात्याला न्हाई.

दुसरी गोष्ट मोठ्या बाबूंकडून कळली. उदगीरचा मुलगा साहेबांचा सख्खा पुतण्या. साहेबांना जिल्ह्यात कुणाचा फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते कळायचं, पण त्यांची स्वैपाकीण कुणाच्या घरात राहते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि बाईचा हा 'पोरगा' तर त्यांच्याच टॉवरखाली बोलत होता.

"आपल्या शंभर पावलांत हाय त्यो," साहेब जेवताना म्हणाले. "परराज्यातला. पोरीला धरून आपल्यावर नजर ठेवायलाय."

"नंबर लावून बघावं का, साहेब?" मोठे बाबू म्हणाले.

"खुळे का तुमी? नंबर लावला की माणूस उडतो."

मग साध्या कपड्यातले दोघं समोरच्या पानटपरीवर बसवले. दीड वाजता ते माझ्या हातची भाकरी खाऊन बाहेर जायचे, फोनवर बोलणारा पोरगा हुडकायचे, अडीचला परत येऊन चहा प्यायचे. "मावशी, गेटापाशी कुणी फोनवर बोलणारं पोरगं दिसलं का?" एकानं विचारलं. "न्हाई बा," मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते. मधे एक दिवस त्यांनी गिरणीवाल्याच्या मेव्हण्याला धरून आणलं; तो मोबाईलवर क्रिकेट ऐकत होता.

मी हसत होते तो आठवडा. शुक्रवारी हसू गेलं. मी घरी आले तर अक्का ओट्यावर बसलेली, चिवड्याची परात तशीच पडलेली. उदगीरहून निरोप होता : पोरीचं बाहेर काहीतरी हाय, रोज दुपारी फोन असतो, आम्ही थांबतो.

"तुमी बी बाई-माणूस हाव," अक्का माझा हात धरून म्हणाली. "खरं सांगा. दुपारी कुणाशी बोलती ती?"

सांगावं तर साहेबांना कळणार की त्यांचे कागद जाळणारी बाई वाचते. काम जाणार. अर्धी फी पुरी होणार, लेकीचा पुढचा बाक जाणार. मी वर बाईच्या खोलीत गेले. ती वह्या तपासत बसली होती, डोळे सुजलेले.

"तुम्ही काही बोलू नका, मावशी," ती म्हणाली. "तुमची परीक्षा होऊ द्या. माझं बघू."

"आवडला व्हता न्हवं तुला?"

तिनं वहीवर टिक मारली. चुकीच्या उत्तरावर.

मी सारी रात जागी होते असं लिहिणार नाही. मला झोप लागली, आणि झोपेत मी तीनदा 'वर्ग, वर्ग' बडबडले असं लेक सकाळी म्हणाली. सकाळी ऑफिसात गेले. पाणी तापवलं. साहेब टॉवेलवर परसात आले, डोक्याला तेल चोपडलेलं. मी बंबाची तोटी धरून उभी राहिले. सोडेना.

"सोड की."

"साहेब, त्यो आदिलाबादचा पोरगा म्या हाय."

साहेबांनी आधी मागं बघितलं, कुणी ऐकलं का. मग माझ्याकडं. "काय बोलायलीस?"

मी सगळं सांगितलं. सिम, झेरॉक्स, सतरा नंबर, भांडी. त्यांना पटेना. खात्यात राहून राहून साधं काही पटायचंच बंद होतं बहुतेक. "पुरावा काय?" ते म्हणाले.

मग मी पुरावा दिला. हात जोडून, डोळे मिटून म्हणाले : "काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो."

दारात मोठे बाबू उभे होते. ते खांबाला धरून खाली बसले. "साहेब," ते हसू दाबत म्हणाले, "आपण तर वर कळवून बसलाव, म्होरक्या ऑफिसच्या शंभर पावलांत हाय म्हणून. वरून इचारलं तर काय लिवू? म्होरक्या भाकरी थापतो?"

साहेबांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. रागावले नाहीत. घाबरले. क्लासचा मालक त्या दिवशी फोनवर असाच दिसत असेल. मला त्यांची कीव आली. खोटं कशाला बोलू, थोडी गंमतही वाटली.

"तू कागद वाचतीस?" ते हळूच म्हणाले.

"पाणी गार व्हायलंय, साहेब. उदगीरला फोन लावता का आधी?"

त्यांनी लावला. टॉवेलवरच. भावाला म्हणाले, "खातरी झाली. पोरगी साफ हाय." चूक झाली असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

अक्कानं गल्लीत साखर वाटली. मला वाटलं संपलं. पण संध्याकाळी बाईला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग उठून उभी राहिली. "साफ हाय म्हणणारा तो कोण?"

रविवारी उदगीरची माणसं आली, साहेबही आले. मला ओट्यावर बघून त्यांनी चप्पल उलट्या पायांत घातली नि परत काढली. चहा झाला. मठातून आलेल्या स्वामींनी मुहूर्तासाठी पंचांग उघडलं, तशी बाई म्हणाली, "एक मिनिट. माझ्या फोनची यादी तुम्ही बघितली. मुलाची बी आणा. बघते, मग सांगते."

अक्का कानडीत काहीतरी पुटपुटली. मुलाचा बाप साहेबांकडं बघायला लागला, साहेब छताकडं.

मुलानं खिशातून फोन काढला. "मागवायला कशाला पाहिजे," तो म्हणाला, आणि सगळ्यांसमोर वाचायला लागला. "आई. आई. पोत्यावाला. काका. आई. काका. मोटार दुरुस्ती. काका. काका. काका."

"काकांशी एवढं काय बोलता?" बाईनं विचारलं.

"काकाच लावतेत. तुम्ही कुणाशी बोलायलाव ते सांगायला." त्यानं फोन तिच्यापुढं धरला. "किती वेळ ते बघा."

मी वाकून बघितलं. मला आकडे वाचता येतात. तीन सेकंद. दोन सेकंद. चार.

"मला ऐकायचं नव्हतं," तो म्हणाला. "म्हणून कट करत गेलो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"भ्यालो."

बाईनं त्याच्या हातातला फोन घेतला, ते आकडे पुन्हा बघितले. मला वाटलं गेलं सगळं. मग ती स्वामींकडं वळली. "मुहूर्त मार्चच्या पुढचा बघा. मावशींचा गणिताचा पेपर झाल्यावरचा."

"कुणाचा पेपर?" माझी लेक दारातून म्हणाली. ती पाणी घेऊन आली होती. अशा रीतीनं तिलाही कळलं. ती हसली नाही, शिकवायलाही बसली नाही. रात्री तिनं तिची जुनी कंपासपेटी माझ्या उशाशी ठेवली, बस.

लग्न उदगीरला झालं. साहेब पंगतीत माझ्याच रांगेला आले तेव्हा त्यांना मी बुंदी जास्त वाढली. माझं काम राहिलं, फीही राहिली. क्लासच्या मालकाला मी जाऊन म्हणाले होते की साहेब काही म्हणणार नाहीत, पुरी फी घ्या. तो म्हणाला, "राहू द्या हो ताई, साहेबांना बोलला नाहीत ना?" त्याची भीती काही मला काढता आली नाही. परसातला बंब गेला. साहेबांनी गॅसचा गिझर बसवला. कागद कुठं जातात मला माहीत नाही. पेढे कमी झालेत एवढं खरं. गणितात मी काठावर सुटले.

आणि त्या रविवारी, पाहुण्यांचे पोहे अर्ध्यावर असताना, बाई मला हाताला धरून मोबाईलच्या दुकानात घेऊन गेली होती. "आधी तुमचं सिम," म्हणाली. आधार कार्ड दिलं, अंगठा लावला, इंग्रजीत सही केली. आता मी कुणालाही फोन लावला की पलीकडं, आणि यादीतही, माझंच नाव उमटतं. बरं वाटतं. फक्त कधीमधी भांडी घासताना आदिलाबादचा तो पोरगा आठवतो. तो होता तोवर संशयित तो होता.